मामांचा ठेका, बूम लिफ्ट आणि भिजलेली काळी माती

काका, नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातला, वय 24. आयटीआयला वेल्डर केलं आणि दोन वर्षांपासून सख्ख्या मामांकडे फॅब्रिकेशनच्या कामावर आहे. मामांनी हिंगणघाटकडे एका जिनिंगच्या शेडचा ठेका घेतला आहे. कापूस यायच्या आधी, दसऱ्यापर्यंत पत्रे चढवून द्यायचे आहेत. आतापर्यंत शिडी आणि परांचीवर काम केलं. यंदा नागपूरहून 45 फुटी बूम लिफ्ट भाड्यानं आणली, म्हणजे लांब लोखंडी हाताच्या (बूमच्या) टोकाला माणसं उभी राहायची बास्केट असलेलं चाकांचं मशीन. लिफ्टवाल्यांचा माणूस अर्धा दिवस शिकवून गेला, आता चालवतो मीच. शेडच्या मागं काळी माती आहे, पोळ्यापासून पाऊस थांबलेला नाही, चाक रुतते. मामा म्हणते, प्लायवूड टाक. मागूनच 11 केव्हीची लाइन जाते. मामा म्हणते, लाईट गेली की तो कोपरा उरकून घे. बेल्ट लावला तर पोट्टे हसतात. मामा म्हणते, "कठडा आहे न, मंग बेल्ट कायले पायजे?" वडील नाहीत, हातात धंदा मामांनीच दिला. त्यांना नाही कसं म्हणू? – एक भाचा

भाऊ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या मामांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की त्यांचाही जीव टांगणीला आहे. लिफ्टचं भाडं रोज चढतं, काम झालं की नाही हे भाडं विचारत नाही, आणि जिनिंगवाल्याची गाडी कापूस घेऊन दारात उभी राहणार म्हणजे राहणार. म्हणून त्यांना कसं सांगायचं ते मी शेवटी लिहितो. आधी मातीचं बघू. तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा धोका तिथं आहे आणि तू तो एका ओळीत सांगून पुढं गेलास.

काळी माती आपल्या घरची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून लोण्यासारखी होते. वावरात ट्रॅक्टर रुतला तर दुसरा ट्रॅक्टर लावून ओढून काढता येतो. 45 फुटी बूम लिफ्टचं वजन सहा-सात टनांच्या घरात असतं आणि बूम एका बाजूला लांब काढला की त्यातला मोठा भार एकाच चाकावर येतो. आता हिशेब कर. दोन चाकांमध्ये साधारण 2 मीटर अंतर धर आणि एक चाक फक्त 15 सेंटिमीटर खाली गेलं असं समज, म्हणजे वीतभरही नाही. खाली उभ्या माणसाला ते कदाचित दिसणारही नाही. पण तू 13 मीटरवर असशील, तर तुझी बास्केट जवळपास 1 मीटर बाजूला जाते, तीही झटक्यात. मशीन चार अंशांहून जास्त कलतं. बऱ्याच लिफ्टची मर्यादा तेवढ्यातच संपते.

म्हणून प्लायवूडचं उत्तर स्पष्ट आहे. चिखलावर टाकलेलं प्लायवूड चाकाखाली वाकतं, मोडतं, आणि वाईट म्हणजे खालची जमीन झाकून टाकतं. आधी पाणी काढून द्या. मग वरचा भिजका थर खरवडून काढा, मुरूम थराथरानं टाका आणि प्रत्येक थरावर रोलर फिरवा. त्यावर जाड लोखंडी प्लेटा किंवा भक्कम लाकडी स्लीपर, चाकापेक्षा चांगले रुंद. एका चाकाचा जमिनीवर किती भार येतो तो आकडा मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतो. लिफ्टवाल्यांना फोन करून विचार, त्यांना सांगावाच लागेल.

दोन-तीन दिवस ऊन पडलं तर वरची माती पांढुरकी होऊन कडक वाटते. त्या खपलीवर विश्वास ठेवू नकोस. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घे आणि मशीन जिथून जाणार, जिथं उभं राहणार तिथं दर दोन-तीन पावलांवर मार. वरच्या चार बोटांनंतर सब्बल भसकन आत गेली, तर तिथं मशीन न्यायचं नाही. सब्बल काही माती-तपासणीची प्रयोगशाळा नाही. ती "नको" सांगू शकते, "हो" सांगायला मुरूम आणि रोलरच पाहिजे. जिनिंगच्या आवारात आणखी एक गोष्ट विचार: जुने चर कुठं आहेत, पाइप कुठून गेला, संडासाची टाकी कुठं, एखादी विहीर बुजवलेली आहे का. मालकाला माहीत नसेल तर चौकीदाराला विचार. वीस वर्षं तिथं राहणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक असतं.

हे मी एवढं धरून का बसलो, ते सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात एका कारखान्याच्या वाढीव कामावर मी सुपरवायझर होतो. पाइपलाइनचा चर बुजवून महिना झाला होता, वरून रस्ता झाल्यासारखा दिसायचा. त्या सकाळी मी स्वतः त्यावरून तीनदा चाललो होतो. लिफ्ट आली, मागचं चाक बरोबर चरावर आलं आणि खचलं. मशीन उलटलं नाही, कलून थांबलं. पण वर बास्केटमध्ये जो झटका बसला, त्यात हेल्पर कठड्यावरून उचलला गेला आणि खालच्या परांचीवर आदळला. खुब्याचं हाड मोडलं. त्यानं हुक लावला नव्हता. शेजारी उभ्या ऑपरेटरनं लावला होता, तो बास्केटमध्येच राहिला. माझा पाय तिथून तीनदा गेला आणि मला कळलं नाही. माणसाच्या सत्तर किलोला जे कळत नाही ते सहा टनांना कळतं, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि ते शिकायची किंमत त्या हेल्परनं मोजली.

बेल्टवर हसणाऱ्या पोट्ट्यांना हीच गोष्ट सांग. कठडा असतो तो चालताना तोल गेला तर धरायला. बूम लिफ्टचं दुखणं निराळं आहे. लांब वेळूचं टोक हातात धरून जरा हलवलं तर दुसरं टोक केवढं झुलतं, तसा हा बूम. खाली चाक एका गिट्टीच्या ढिगावर चढलं तरी वर बास्केट चाबकासारखी उडते आणि आतला माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. म्हणून बूम लिफ्टमध्ये बेल्ट लावायचाच, आणि बेल्ट म्हणजे कमरेचा पट्टा नव्हे. खांद्यावरून, मांड्यांतून जाणारा, पूर्ण अंगाचा हार्नेस पाहिजे. त्यावर आयएस 3521 हा आपला भारतीय मानक क्रमांक छापलेला आहे का बघून घे. दोरी आखूड हवी, इतकी की तू कठड्याबाहेर जाऊच शकणार नाहीस. हुक बास्केटमधल्या ठरलेल्या कडीलाच लावायचा, ट्रसला किंवा पर्लिनला, म्हणजे शेडच्या छताच्या लोखंडी सांगाड्याला, कधीच नाही. तू ट्रसला बांधलेला आणि बास्केट सरकली, तर तुझीच दोरी तुला बास्केटबाहेर ओढून काढेल. आत दोघं असतील तर दोघांनाही वेगळी कडी. (सिझर लिफ्ट सरळ वर जाते. तिच्यात कठडा हेच मुख्य संरक्षण असतं आणि हार्नेसचं त्या मशीनचं मॅन्युअल सांगेल तसं करायचं. तुझ्याकडे बूम आहे, तुला ही सूट नाही.)

आता लाइन. "लाईट गेली की उरकून घे", हे वाक्य वाचून मी उठून उभा राहिलो. लाईट गेली म्हणजे तार मेली असं नसतं. फॉल्ट निघाला की उपकेंद्रातला ऑपरेटर ब्रेकर लावतो. तुझ्या शेडच्या मागं कोणी बास्केटमध्ये उभं आहे हे त्याला कुठून कळणार? शेतीची लाईट वेळापत्रकावर येते-जाते, ते वेळापत्रकही बदलतं. गावात एखाद्यानं जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल, तर बंद लाइनमध्ये उलटा करंट येऊ शकतो. आणि बूम लिफ्ट म्हणजे अख्खं लोखंड. टायर रबराचे आहेत म्हणून काही होत नाही, असं सांगणारा भेटला तर त्याचं ऐकू नकोस.

लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये 50 केव्हीपर्यंतच्या तारेपासून किमान 10 फूट, म्हणजे 3 मीटरच्या जरा वर, अंतर छापलेलं असतं. ते अंतर तुझ्या डोक्यापासून मोजायचं नाही. बूमचा प्रत्येक भाग, बास्केट, तुझा उचललेला हात आणि त्या हातातला पत्रा, यातलं जे तारेच्या सगळ्यात जवळ जाऊ शकतं तिथून मोजायचं. 20 फुटी पत्रा वळवताना त्याचं मागचं टोक कुठं जातं हे तुला दिसत नाही. वाऱ्यानं तार झुलते, बास्केटही झुलते. त्यामुळं मी तुला 5 मीटर सांगतो. तेवढी जागा नसेल, तर महावितरणच्या शाखा कार्यालयात मालकाच्या सहीनं अर्ज द्या आणि लाइन रीतसर बंद करून घ्या. लाइनमननं परमिट घेतलं, लाइन तपासली, अर्थिंग टाकलं आणि स्वतः येऊन "आता काम करा" म्हटलं, तरच बास्केट त्या कोपऱ्यात जाईल. किती वाजेपर्यंत, तेही लिहून घ्या. दिवसभराचं काम असेल तर एक सकाळ अर्जात गेली तरी चालेल.

तरी कधी तारेला धक्का लागलाच, तर खालच्यांनी मशीनला हात लावायचा नाही, शिडी घेऊन धावायचं नाही, सगळ्यांना लांब ठेवायचं आणि आधी लाइन बंद करून घ्यायची. वरच्यानं उतरायचा प्रयत्न करायचा नाही, आहे तिथंच थांबायचं. वाचवायला धावलेला माणूस दुसरा बळी ठरतो, हे जवळजवळ प्रत्येक गावानं कुठल्या ना कुठल्या मोटारपंपावर पाहिलेलं आहे.

अर्ध्या दिवसाच्या शिकवणीबद्दल. लिफ्टवाल्यांच्या माणसानं तुला करून दिली ती त्या एका मशीनची ओळख. ती हवीच, पण ते प्रशिक्षण नव्हे. या यंत्रांसाठी आयपीएएफ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या मान्यताप्राप्त केंद्रात लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन पाल कार्ड, म्हणजे ही यंत्रं चालवता येतात याचा दाखला, मिळतं, ते 5 वर्षं चालतं. उभी वर जाणारी, सिझरसारखी चाकांवर चालणारी लिफ्ट 3ए गटात आणि तुझी चाकांवर चालणारी बूम 3बी गटात येते. नागपूरच्या लिफ्टवाल्यांना जवळचं केंद्र विचार. तू वेल्डर आहेस, त्यात हे कार्ड आलं तर उद्या मोठ्या कामांवर तुझी मजुरी मामांपेक्षा वेगळ्या दरानं ठरेल. खर्च मामांनी करावा, कारण फायदा आधी त्यांचा आहे.

तोपर्यंत तुझ्या हातात जे आहे ते करत जा. सकाळी मशीनभोवती एक सावकाश फेरी. टायर, चाकाचे नट, बास्केटचं दार आपोआप लागतं का, खाली तेलाचा डाग आहे का. हायड्रॉलिकच्या नळीवर बारीक गळती वाटली तर बोट फिरवून शोधू नकोस, पुठ्ठा धर. त्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, वरून टिपक्याएवढी जखम दिसते आणि आत हात सडतो. मग प्रत्येक हालचाल आधी खालच्या कंट्रोलवरून करून बघायची, लाल बटण दाबून मशीन थांबतं का बघायचं, आणि नंतरच बास्केटमध्ये चढायचं. तुझी लिफ्ट बॅटरीवरची असेल तर रात्रीची लाईट नीट होती का हेही बघ. गावात व्होल्टेज पडलं की चार्जर सकाळपर्यंत लावलेला दिसतो, पण बॅटरी अर्धीच भरलेली असते.

पाय-स्विचचं वेगळं सांगतो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बास्केटमध्ये पायाशी एक पेडल असतं, ते दाबलं तरच मशीन हलतं. दिवसभर दाबून पाय दुखतो म्हणून एका पोरानं त्यात बरोबर मापाचा दगड बसवला होता, चांगला शोधून आणलेला, गोल. त्याची कोपर जॉयस्टिकला लागली आणि बास्केट वर, बीमकडे निघाली. त्यानं मान खाली घातली म्हणून वाचला. नाहीतर कठडा आणि बीम यांच्यामध्ये छाती दाबली गेली असती. अशा वेळी ओरडायलाही श्वास उरत नाही. तुझ्या मशीनच्या पेडलमध्ये किंवा मशीनला हद्दीत थांबवणाऱ्या कुठल्या लिमिट स्विचवर दगड, तार, खिळा, चिकटपट्टी असं काही दिसलं तर ते काढल्याशिवाय वर जाऊ नकोस. ट्रसच्या खाली काम करताना तर नेहमी वर बघूनच हळू सरक.

आणखी एक खोड लक्षात ठेव. बूम फिरून मागच्या चाकांच्या पलीकडे गेला की पुढं-मागं उलटं होतं. तू जॉयस्टिक पुढं ढकलतोस आणि मशीन तुझ्या मते मागं जातं. खालच्या सांगाड्यावर आणि वरच्या पॅनेलवर रंगीत बाण असतात. चालवण्याआधी दर वेळी बाणाला बाण जुळवून बघ. भिजलेल्या कडेला ही चूक एकदाच होते.

बास्केटवर साधारण 230 किलोची मर्यादा असते. दोन माणसं, हत्यारांची पेटी, वेल्डिंगची केबल, झालं. पत्रे बास्केटमधून न्यायचेच नाहीत. वजनाचा प्रश्न आहेच, पण कठड्याला आडवा टेकवलेला पत्रा म्हणजे शीड. बाहेर चालणाऱ्या बूम लिफ्टची वाऱ्याची मर्यादा साधारण सेकंदाला 12.5 मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटर असते, आणि ती शीड न लावलेल्या बास्केटची. एवढा वारा आला की झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात आणि तारा शिट्टी वाजवतात. तू त्याच्या आधीच, लहान झाडं डोलायला लागली की उतर. आपल्याकडे परतीच्या पावसाआधी एकदम वावटळ उठते, ती कोणाला फोन करून येत नाही. पत्रे क्रेननं किंवा दोरी-कप्पीनं चढवा. वेल्डिंग करताना मशीनच्या लोखंडाला अर्थ जोडू नकोस, आणि खाली जुना सरकी-कापूस पडलेला असेल तर झाडून घेतल्याशिवाय ठिणगी पाडू नकोस.

कलल्याचा अलार्म वाजला तर काय करायचं, ते आजच पाठ कर. घाबरून बूम गोल फिरवायचा नाही. बास्केट उताराच्या बाजूला असेल तर आधी बूम आत ओढायचा आणि मग खाली आणायचा. चढाच्या बाजूला असेल तर आधी खाली, मग आत. तुझ्या मॉडेलचा नेमका क्रम मॅन्युअलमध्ये आहे, तो मोबाईलवर फोटो काढून ठेव.

आता मामा. त्यांना "नाही" म्हणायची गरज पडू नये अशी एक युक्ती सांगतो. युक्ती म्हटलं तरी हे कामच आहे आणि ते व्हायलाच हवं. लिफ्ट वर असताना खाली एक माणूस सतत पाहिजे, ज्याला खालचं कंट्रोल आणि आणीबाणीत उतरवायची पद्धत, दोन्ही येतं. मी सांगितलेल्या त्या अपघातात ऑपरेटर कलत्या बास्केटमध्ये अर्धा तास अडकला, कारण किल्ली एकाच्या खिशात होती आणि तो टपरीवर चहाला गेला होता. किल्ली खालच्या कंट्रोललाच राहिली पाहिजे. माणूस हार्नेसला लटकला तर तेवढाही वेळ नसतो, पायात रक्त साचून काही मिनिटांत तो बेशुद्ध पडू शकतो. गावातून 108 ची गाडी येईल तेव्हा येईल, खाली तर तुम्हालाच आणायचं आहे.

तर मामांना म्हण, "मामा, तो खालचा माणूस तुम्ही व्हा. तुमच्यावर माझा भरोसा आहे." कोणी मामा याला नाही म्हणणार नाही. मग पक्क्या जागेवर तू हार्नेस लावून फक्त 2 मीटर वर जा, दोन्ही हात कठड्यावरून वर कर आणि म्हण, "मी बेशुद्ध आहे, मला उतरवा." बघ त्यांना किती वेळ लागतो. पहिल्यांदा कुठली किल्ली, कुठलं बटण हे शोधण्यातच जाईल. दुसऱ्यांदा जमेल. तिसऱ्यांदा मोटार बंद करून, आणीबाणीच्या पंपावर उतरवायला सांग. भाच्याचा जीव स्वतःच्या बोटाखाली आहे हे ज्या माणसाला एकदा हाताला जाणवलं, तो "प्लायवूड टाक" इतक्या सहज म्हणत नाही. हा माझा अनुभव आहे, मोठमोठ्या ठेकेदारांबरोबरचा.

आणि भाड्याचा विषय निघाला तर तोही टाळू नकोस. चार-पाच ट्रिपा मुरूम आणि एक दिवस रोलर, याचा हिशेब कागदावर मांड. शेजारी लिफ्टचं भाडं मांड. समोरची पक्की बाजू आधी घ्या, तोवर मागं मुरूम बसेल आणि महावितरणचा अर्ज पुढं सरकेल. लिफ्ट एक दिवसही रिकामी उभी राहणार नाही. ठेकेदाराला असं बोललेलं कळतं.

तरीही ते हट्टाला पेटले, तर मामींना सांग. मी गंमत करत नाही. तुझी आई ज्या भावाच्या भरवशावर तुला तिथं पाठवते, त्या घरातल्या बाईला हे माहीत असलंच पाहिजे.

जाता जाता: महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात तुझी नोंदणी आहे का, हे तू लिहिलं नाहीस. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम, एवढं लागतं. मामांकडून 90 दिवसांचा दाखला घे, तुझाही आणि त्या हसणाऱ्या पोट्ट्यांचाही.

सोमवारी सकाळी मशीन सुरू करायच्या आधी सब्बल घेऊन शेडच्या मागं जा, मामांना सोबत ने आणि सब्बल त्यांच्याच हातात दे. किती बोटं आत गेली, ते मला कळव.